पट्टीच्या वेरो बोर्डावर गिटारचं ट्रेमोलो पेडल

पहिलं पेडल स्वतः बनवायचं तर बहुतेकजण फझकडे, म्हणजे गिटारचा आवाज फाटल्यासारखा करणाऱ्या पेडलकडे वळतात, कारण त्यात भाग कमी लागतात. माझं मत वेगळं आहे. नवख्याने ट्रेमोलो बनवावं. भाग दुप्पट लागतात हे खरं, पण ट्रेमोलोचा अर्धा भाग डोळ्यांना दिसतो. आत एक एलईडी मंदावत-उजळत असतो. तो नीट चालतोय की नाही हे गिटार न जोडता, अँप न लावता, नुसतं बघून कळतं. फझ बंद पडलं की नुसती शांतता असते, आणि शांततेत चूक शोधणं नवख्याला जड जातं.

ट्रेमोलो म्हणजे आवाजाची पातळी ठराविक वेगाने कमी-जास्त होणं. सूर हलत नाही, फक्त जोर हलतो. (गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं, पण ती सूर हलवते. तो गोंधळ आजही चालूच आहे.) १९४० च्या दशकात डीआर्मंड कंपनीचं ट्रेमोलोचं स्वतंत्र उपकरण आलं. त्यात मोटरने हलवलेल्या द्रवामुळे आवाज खालीवर व्हायचा. अमेरिकन गिटारवादक बो डिडलीच्या गिटारचा थरथरता आवाज त्यातलाच. पुढे १९६० च्या दशकात फेंडरच्या अनेक अँपमध्ये निऑनचा छोटा दिवा आणि त्याच्यासमोर एलडीआर, म्हणजे प्रकाश पडला की विरोध कमी होणारा रेझिस्टर, अशी जोडी आली. आपण बनवणार आहोत ते त्याच जातीचं. निऑनऐवजी एलईडी, आणि सगळं ९ व्होल्टवर.

मी हे एका बोर्डावर न बनवता दोन छोट्या बोर्डांवर बनवायला सांगतो. एक बोर्ड दिवा हलवतो, दुसरा आवाज वाहतो. दोघांमध्ये वीजपुरवठा सोडला तर फक्त प्रकाशाची ओळख. त्यामुळे पहिला बोर्ड पूर्ण तपासून बाजूला ठेवता येतो, आणि पुढे काही बिघडलंच तर अर्धी शंका आधीच मिटलेली असते.

खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दुकानात नुसतं ‘वेरो बोर्ड’ मागितलं तर बऱ्याचदा सुट्या ठिपक्यांचा बोर्ड हातात पडतो. त्यावर भोकं असतात, पण भोकं एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या नसतात. आपल्याला पट्टीवालाच हवा. पाठ उलटून बघा, लांब समांतर पट्ट्या दिसल्या पाहिजेत.

दिव्याच्या बोर्डासाठी: टीएल०६२ आयसी, ८ पिनचा सॉकेट, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ५ मिमीचा हिरवा किंवा पिवळा एलईडी, ५ मिमीचा एलडीआर, रेझिस्टर १०० ओम एक, १के एक (के म्हणजे हजार ओम), १०के तीन, ३३के दोन, ४७के एक. कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड, १० मायक्रोफॅरड आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्म म्हणजे डबीसारखा चौकोनी, ज्यावर १०५ छापलेलं असतं. इथे इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही, कारण या कपॅसिटरवरचं व्होल्टेज दर फेरीत उलटसुलट होतं. स्पीडसाठी ए५००के पॉट, म्हणजे नॉबने फिरवायचा रेझिस्टर. हा गिटार दुरुस्तीवाल्यांकडे सहज मिळतो, हंबकर म्हणजे दुहेरी कॉइलच्या पिकअपच्या गिटारमध्ये व्हॉल्यूमला तोच असतो.

आवाजाच्या बोर्डासाठी: टीएल०७१ आणि सॉकेट, रेझिस्टर २.२ मेग एक (मेग म्हणजे दहा लाख ओम), १ मेग एक, २२के तीन, १०के दोन, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे दोन (छाप १०४), १ मायक्रोफॅरड, १०, ४७ आणि १०० मायक्रोफॅरड प्रत्येकी एक. डेप्थला, म्हणजे हेलकावा किती खोल ते ठरवायला, बी५०के, व्हॉल्यूमला ए१००के.

बाकी: १एन५८१७ डायोड, दोन जॅक (त्यातला एक स्टिरिओ), ९ व्होल्टची क्लिप, अडॅप्टरचा सॉकेट, ३पीडीटी म्हणजे तीन रांगांचा फूटस्विच, खुणेचा एलईडी आणि त्याचा ४.७के. फूटस्विच साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात क्वचितच मिळतो, तो ऑनलाइन मागवा. डबा अॅल्युमिनियमचा घ्या. पेडलवाल्यांचा नेहमीचा १५९०बी दोन बोर्डांना अडचणीचा होतो, पहिल्या वेळी मोठा १५९०बीबी बरा. प्लॅस्टिकचा डबा नको, हम म्हणजे सततची घूं-घूं येईल.

टीएल०६२ नाही मिळाला तर टीएल०७२ त्याच सॉकेटमध्ये बसतो. फक्त तो करंट जास्त खातो आणि दिव्याच्या बोर्डाची टकटक आवाजात ऐकू यायची शक्यता वाढते. एलएम३५८ बसवू नका. त्याचं आउटपुट खाली शून्यापर्यंत जातं पण वर दीड व्होल्ट आधीच थांबतं, त्यामुळे हेलकावा एका बाजूला कलतो.

आणि एक हिशेब आधीच सांगून ठेवतो: हत्यारं धरून हे सगळं विकतच्या स्वस्त पेडलपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही.

दिव्याचा बोर्ड

१२ पट्ट्या आणि साधारण २० भोकं असा तुकडा कापा. भोकांच्या रांगेवर धारदार पात्याने दोन्ही बाजूंनी चर पाडला की बोर्ड सरळ मोडतो. तांब्याची बाजू खाली, पट्ट्या आडव्या, वरून खाली १ ते १२ असे क्रमांक मार्करने कडेला लिहा. हे आळसाने टाळू नका, पुढचं सगळं याच क्रमांकांवर आहे.

आयसीचा सॉकेट पट्टी २ ते ५ वर, बोर्डाच्या साधारण मधोमध, खाच वरच्या बाजूला. म्हणजे डावीकडे वरून खाली पिन १, २, ३, ४ आणि उजवीकडे वरून खाली ८, ७, ६, ५. सॉकेटच्या खाली, दोन रांगांच्या मध्ये, या चारही पट्ट्या तोडायच्या आहेत. ४ मिमीचा ड्रिल बिट हातात धरून भोकावर दोन-तीनदा फिरवला की तांबं निघतं. तोडल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्ही बाजूंना टेकवा. तांब्याचा केसाएवढा धागा राहिला तरी बझर वाजतो, डोळ्यांना मात्र दिसत नाही. पूर्ण बोर्डावर तोड एवढ्या चारच आहेत.

आता कुठल्या पट्टीवर काय ते बघू. पट्टी १ प्लस, पट्टी ६ ग्राउंड. पट्टी १ वरून उजव्या पट्टी २ ला जंपर, म्हणजे जोडणारा तारेचा तुकडा, तोच आयसीचा पुरवठा. डाव्या पट्टी ५ वरून ६ ला जंपर. १०० मायक्रोफॅरड १ आणि ६ मध्ये, प्लसचा पाय १ वर.

डावी पट्टी ३ म्हणजे अर्धं व्होल्टेज. तिथून एक १०के पट्टी १ ला, दुसरा १०के पट्टी ६ ला, आणि १० मायक्रोफॅरड ३ व ६ मध्ये, प्लसचा पाय ३ वर. याच डाव्या पट्टी ३ वरून उजव्या पट्टी ५ ला प्लॅस्टिकच्या आवरणाच्या तारेचा जंपर.

४७के डाव्या २ आणि डाव्या ४ मध्ये. पहिला ३३के डाव्या ४ आणि पट्टी ८ मध्ये. उजव्या पट्टी ३ वरून पट्टी ८ ला जंपर. चौकोनी १ मायक्रोफॅरड उजव्या ३ आणि उजव्या ४ मध्ये, पाय थोडे तिरके करून. दुसरा ३३के उजव्या ४ आणि पट्टी ७ मध्ये.

बीसी५४७ पट्टी ९, १०, ११ वर. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर ९ वर, बेस १० वर, एमिटर ११ वर. घरात २एन३९०४ पडला असेल तर त्याचे पाय उलट क्रमाने आहेत, फिरवून बसवावा लागेल. पट्टी ९ वरून १ ला जंपर, तिसरा १०के पट्टी ८ आणि १० मध्ये, १के पट्टी ११ आणि १२ मध्ये. एलईडीचा लांब पाय १२ वर, आखूड पाय ६ वर.

स्पीडचा पॉट दांडी आपल्याकडे, पाय खाली असा धरा. डावीकडून पाय १, २, ३. पाय १ ला डाव्या पट्टी २ वरून तार, पाय २ ला पट्टी ७ वरून. पाय ३ मोकळा. यामुळे नॉब डावीकडे फिरवला की वेग वाढतो, म्हणजे नेहमीच्या उलट. मुद्दामच तसं ठेवलंय. ए प्रकारच्या पॉटवर सुरुवातीच्या अर्ध्या फेरीत विरोध हळूहळू वाढतो, म्हणून असं जोडलं तर मध्यावर साधारण ३ ते ४ हर्ट्झ मिळतात आणि सगळे उपयोगी वेग फेरीभर पसरतात. सुलट जोडला तर जवळजवळ सगळे वेग शेवटच्या टोकाला गर्दी करतात.

सोल्डर करताना आधी जंपर, मग रेझिस्टर, मग सॉकेट, मग कपॅसिटर, असं बुटक्यापासून उंचाकडे जा. सोल्डरिंग आयर्नचं टोक पट्टी आणि पाय दोन्हींना एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा, मग सोल्डर सांध्यावर द्या, टोकावर नाही. चांगला डाग उतरत्या कडांचा आणि चमकदार दिसतो. गोळा होऊन नुसता बसला असेल तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न जोडलेला सांधा. शेवटी पट्ट्यांच्या मधल्या फटींतून कटरचं टोक ओढून घ्या, सांडलेल्या सोल्डरचे पूल तुटतात.

बॅटरीच्या लाल तारेत १एन५८१७ लावा, पट्टा असलेली बाजू बोर्डाकडे. त्याच्या पुढे त्याच तारेत १०० ओम जोडून वर श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा, मग तार पट्टी १ ला. काळी पट्टी ६ ला. आयसी अजून बसवू नका. आधी सॉकेटच्या ८ व ४ मध्ये व्होल्टेज बघा, ९ च्या थोडं खाली यायला हवं. पिन २ व ५ वर त्याचं अर्धं. हे जमलं की बॅटरी काढा, आयसी बसवा, पुन्हा जोडा.

एलईडी हळूहळू उजळून मावळायला लागला पाहिजे. स्पीड एका टोकाला सेकंद-दीड सेकंदाला एक फेरी, दुसऱ्या टोकाला सेकंदाला दहाच्या आसपास. हे गणित सोपं आहे: १ मायक्रोफॅरड, ३३के आणि पॉटचे ५०० के मिळून कमाल विरोध ५३३के, त्यातून ०.६७ हर्ट्झ येतात, आणि पॉट शून्यावर १०.८.

एलईडी उजळत नसेल तर

घाईघाईने आयसी बदलू नका, आयसी क्वचितच मेलेला असतो. सर्वात नेहमीची भानगड म्हणजे ३३के आणि ४७के यांची अदलाबदल. आयसीचा एक भाग पातळी ओलांडली की पलटी खातो, दुसरा भाग त्या पातळीकडे चढत किंवा उतरत जातो. पातळी किती लांब ठेवायची हे ३३ आणि ४७ यांच्या प्रमाणावर ठरतं. ते उलटे बसले तर पातळी इतकी लांब जाते की चढणारा भाग तिथे पोचतच नाही, आणि एलईडी कायम पेटलेला किंवा कायम विझलेला राहतो. ३३के वर नारिंगी-नारिंगी-नारिंगी, ४७के वर पिवळा-जांभळा-नारिंगी. पिवळ्या बल्बखाली हे रंग फसवतात, म्हणून मीटरने मोजून बसवा.

ते बरोबर असेल तर मीटरचा काळा टोक पट्टी ६ वर ठेवून लाल टोक पिनवर फिरवा, स्पीड सर्वात मंद ठेवून. पिन १ वर आकडा उड्या मारेल, साधारण दीड व्होल्ट ते सात. पिन ७ वर तो शांतपणे सव्वादोन ते सव्वासहाच्या मध्ये खालीवर होईल. दोन्ही होतंय पण एलईडी विझलेला, तर दोष बीसी५४७ चे पाय उलटे किंवा एलईडी उलटा एवढ्यातच आहे. पिन १ वर उडी नाहीच, एकच आकडा, तर पिन ७ ते पट्टी ८ चा जंपर आणि पॉटच्या तारा बघा. पॉटचा पाय २ सुटला असेल तर चढणारा भाग जागेवर थिजतो. आणि पिन २ व ५ मध्ये आकडा वेगळा येत असेल तर त्यांच्यामधला जंपर एकदा पुन्हा गरम करा.

एलईडी चालतो पण पूर्ण विझतच नाही, नुसता मंद होतो, अशी तक्रार असेल तर बहुधा कमी व्होल्टेजचा लाल एलईडी आहे. चालेल, फक्त हेलकावा जरा उथळ होईल.

दिवा आणि एलडीआर यांची गाठ

सोपं आहे, पण इथेच पेडलचा आवाज ठरतो. एलडीआरला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वात जास्त भावतो, त्याच्या संवेदनेची कमाल साधारण ५४० नॅनोमीटरला असते, म्हणून वर हिरवा किंवा पिवळा एलईडी सांगितला. दोघांची तोंडं एकमेकांना टेकवा, काळी जाड श्रिंक ट्यूब चढवून गरम करा, आणि दोन्ही उघडी टोकं काळ्या टेपने बंद करा. पाय एकमेकांना लागणार नाहीत हे बघा. मग एलडीआरचे पाय मीटरला लावून मोबाइलचा टॉर्च ट्यूबभोवती फिरवा. एलईडी बंद असताना आकडा काही मेगओमचा आणि स्थिर राहिला पाहिजे. टॉर्चने तो पडत असेल तर प्रकाश आत शिरतोय, आणखी एक आवरण चढवा. अशा पेडलचं झाकण उघडं ठेवून ट्यूबलाइटखाली तपासलं तर ते गुरगुरतं, आणि माणूस उगाच ग्राउंडच्या मागे लागतो.

एलडीआर कानशीने घासू नका, तोडू नका. आत कॅडमियमचं संयुग असतं.

आवाजाचा बोर्ड

पद्धत तीच, म्हणून पट्टी-पट्टी सांगत बसत नाही. टीएल०७१ च्या चार पट्ट्या मधून तोडा. पिन ४ ग्राउंड, पिन ७ प्लस, आणि पिन १, ५, ८ ला काहीही जोडायचं नाही. त्या पट्ट्या मोकळ्या सोडा, जागा वाचवायला वापरू नका. पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरड आणि त्याच्या शेजारी ०.१. अर्ध्या व्होल्टेजसाठी इथे वेगळे १०के-१०के आणि ४७ मायक्रोफॅरड. दिव्याच्या बोर्डावरचं अर्धं व्होल्टेज इथे उसनं आणू नका, टकटक तिथूनच येते.

इनपुटच्या पट्टीवरून २.२ मेग ग्राउंडला, आणि दुसरा ०.१ पिन ३ ला. पिन ३ वरून १ मेग अर्ध्या व्होल्टेजला. पिन ६ ते पिन २ एक २२के. पिन २ वरून दुसरा २२के, त्याच्या पुढे १० मायक्रोफॅरड, आणि मग ग्राउंड (प्लसचा पाय २२के कडे). यामुळे आवाज दुप्पट होतो. ट्रेमोलो मुळात आवाज वरून खाली खेचतं, त्यामुळे ते चालू केल्यावर गिटार दबल्यासारखी वाटते, ती कसर इथे भरून निघते.

पिन ६ वरून १ मायक्रोफॅरड, पुढे तिसरा २२के, आणि तो जिथे संपतो ती पट्टी महत्त्वाची. तिथून एक तार व्हॉल्यूम पॉटच्या पाय ३ ला, दुसरी एलडीआरला. एलडीआरचं दुसरं टोक डेप्थ पॉटच्या पाय २ ला, डेप्थचा पाय ३ ग्राउंडला. व्हॉल्यूमचा पाय २ म्हणजे आउटपुट, पाय १ ग्राउंड. दिवा उजळला की एलडीआरचा विरोध काही शे ओम ते दोनेक के इतका पडतो, आवाज त्याच्यातून ग्राउंडला जातो, आणि ऐकणाऱ्याला खाली गेलेला वाटतो. म्हणजे दिवा पेटलेला असताना आवाज दबलेला.

एलडीआर २के धरला तर डेप्थ पूर्ण उजवीकडे नेल्यावर आवाज सुमारे २० डेसिबल खाली जातो, मध्यावर साडेचारच्या आसपास. पूर्ण डावीकडे नेलं तरी अडीचेक डेसिबलचा हेलकावा राहतोच. मला तो खुपत नाही, साधा आवाज हवा असेल तर पायाशी फूटस्विच आहेच.

फूटस्विचच्या तीन रांगांपैकी पहिलीचा मधला पाय इनपुट जॅकला, दुसरीचा मधला आउटपुट जॅकला. या दोन्ही रांगांचे एका बाजूचे पाय आपसात जोडा, तो बायपास, म्हणजे बोर्ड टाळून आवाज थेट बाहेर जायची वाट. दुसऱ्या बाजूचे पाय बोर्डाच्या इनपुट आणि आउटपुटला. तिसरी रांग खुणेच्या एलईडीसाठी, ४.७के लावून. इनपुटला स्टिरिओ जॅक लावा आणि बॅटरीची काळी तार त्याच्या रिंगला द्या, म्हणजे प्लग काढला की बॅटरी बंद. अडॅप्टर लावणार असाल तर लक्षात ठेवा: पेडलच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन मायनस असते, बाजारातल्या साध्या अडॅप्टरमध्ये बहुधा प्लस. डायोड तुम्हाला वाचवेल, पण पेडल चालणार नाही.

आवाज येत नाही तेव्हा

पहिला प्रश्न: बायपासमध्ये गिटार ऐकू येते का? नसेल तर बोर्डाला हातही लावू नका, दोष जॅक, फूटस्विच किंवा तारांत आहे. जॅकचं टिप डब्याला टेकलेलं असणं ही नेहमीची गोष्ट.

बायपास नीट आणि चालू केल्यावर शांतता, तर आधी व्होल्टेज. पिन ७ वर ९ च्या जवळ, पिन ६ आणि २ वर अर्धं. पिन ३ वर आकडा कमी येईल, आणि त्याने घाबरू नका. तिथे व्होल्टेज १ मेगमधून येतं, आणि मीटर स्वतःही थोडा करंट ओढतो. १० मेगच्या मीटरवर साडेचारऐवजी ४.१ दिसेल. दुकानोदुकानी मिळणाऱ्या पिवळ्या डीटी८३०डी चा आतला विरोध १ मेगच असतो, त्यावर तर सव्वादोनच दिसेल. पेडल ठीक आहे, मीटर ओढतोय. म्हणून पिन ३ ऐवजी पिन ६ मोजा. तिथे शून्य किंवा पूर्ण ९ दिसलं तर मात्र खरंच काहीतरी सुटलंय, बहुधा १ मेग किंवा २२के चा एखादा पाय.

व्होल्टेज बरोबर असूनही आवाज नसेल तर आवाजाचा माग काढा. जुन्या गिटार केबलच्या एका टोकाच्या टिपच्या तारेला ०.१ कपॅसिटर सोल्डर करा, शील्डला मगरचिमटा. दुसरं टोक अँपमध्ये, आवाज कमी ठेवून. चिमटा ग्राउंडला, आणि कपॅसिटरचा मोकळा पाय एकेका ठिकाणी टेकवत जा: इनपुटची पट्टी, पिन ३, पिन ६, १ मायक्रोफॅरडच्या पलीकडे, २२के च्या पलीकडे, व्हॉल्यूमचा पाय २. जिथपर्यंत ऐकू येतं आणि जिथून येत नाही त्या दोन जागांच्या मध्येच दोष. हा उद्योग फक्त ९ व्होल्टच्या पेडलवर. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्यांच्या अँपच्या आत असं कधीही करू नका, तिथले काहीशे व्होल्ट बंद केल्यावरही राहतात.

एका हाताने गिटार वाजवत दुसऱ्याने पट्ट्या चाचपणं अवघड जातं. मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप लावा आणि तो आवाज हेडफोनच्या वायरने इनपुटला द्या. सलग, एकसारखा नाद मिळतो, आणि तिथे हेलकावा आला की लगेच कळतो.

आवाज येतो, दिवा हलतो, पण हेलकावा नाही: एलडीआरचा एक पाय सोडवून मीटरला लावा, स्पीड मंद ठेवून. आकडा मोठ्या फरकाने खालीवर व्हायला हवा. होत असेल तर डेप्थचे पाय १ आणि ३ चुकले आहेत किंवा तिथलं ग्राउंड सुटलंय. होत नसेल तर ट्यूब चढवताना एलईडी आणि एलडीआर एकमेकांपासून सरकले.

वेग वाढवला की हेलकावा उथळ होतो, हा मात्र दोष नाही. एलडीआरला अंधारात परत जायला काही दशक मिलिसेकंद लागतात, आणि १० हर्ट्झला पूर्ण फेरीच १०० मिलिसेकंदांची. याच आळसामुळे अशा पेडलचा हेलकावा गोल, मऊ येतो. धारदार, कापल्यासारखा ट्रेमोलो हवा असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

टकटक ऐकू येत असेल तर क्रमाने बघा. दिव्याच्या बोर्डाचं ग्राउंड वेगळ्या तारेने थेट पुरवठ्याच्या सॉकेटला जातंय ना, आवाजाच्या बोर्डावरून फिरून नाही? १०० ओम आणि त्याच्या पुढचा १०० मायक्रोफॅरड जागेवर आहेत ना? मग स्पीड पॉटच्या तारा. पिन १ वरून जाणाऱ्या तारेवर धारदार उड्या असतात, ती इनपुटच्या तारेला समांतर गेली की टकटक आवाजात शिरते. तार हाताने लांब ढकलून बघा, फरक पडला तर इनपुटला शील्डची तार वापरा. सगळं करूनही उरली आणि टीएल०७२ बसवला असेल तर टीएल०६२ शोधा.

आणि टेबलावर उत्तम चालणारं पेडल डब्यात बसवलं की मुकं होतं तेव्हा पॉटच्या पाठीकडे बघा. बोर्डाच्या सोल्डरच्या बाजूचे पाय त्या धातूला टेकतात. पॉटच्या पाठीवर जाड टेप किंवा जुन्या प्लॅस्टिक फायलीचा तुकडा चिकटवा, बोर्ड दुहेरी फोम टेपवर बसवा, आणि झाकणाचे स्क्रू आवळण्याआधी एकदा फूटस्विच जोरात दाबून पाहा. जॅक घट्ट करताना तो स्वतःभोवती फिरतो आणि टिपचा पत्रा डब्याला लागतो, म्हणून नट आवळताना मागून जॅक धरून ठेवा.